अण्णांच्या जय भीमला तुमचं गुड मॉर्निंग

सर,

परवा आपल्या शाळेतून मुख्याध्यापकांचा फोन आला. तुमच्या मुलानं शाळेला एक खोली बांधून दिली आहे, इंग्रजीचा वर्ग म्हणून. तिला तुमचं नाव द्यायचंय, येत्या रविवारी कार्यक्रम आहे, आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या वतीनं मी बोलायचं, 'थोडं मराठीत, थोडं इंग्रजीत, मॅडम.' मी हो म्हणून बसले. आता घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद घेऊन बसलेय, आणि तुम्ही जाऊन तेरा वर्षं झाली तरी पहिल्याच वाक्याला तुम्ही माझा हात धरलेला आहे. 'ही वॉज माय टीचर' असं लिहिलं आणि खोडलं. तुम्ही गेलात हे खरं, पण शिकवलेलं कुठं गेलंय? मग 'ही इज माय टीचर' लिहिलं, तेही खोडलं, कारण समोर बसलेली पोरं म्हणतील, बाईंना काळ कळत नाही. तीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवते आणि एका वाक्यात इज घालावा की वॉज, हे ठरवता येईना. पण खरी अडचण ती नाही. खरी अडचण अशी की रविवारी मला तुमच्याबद्दल चांगलं बोलायचंय, आणि तुम्ही माझ्या वडिलांना, अण्णांना, मान दिला होता की टाळलं होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. ते कळल्याशिवाय तोंड कसं उघडू? म्हणून भाषण बाजूला ठेवून आधी तुम्हालाच लिहिते.

आठवीतली दारातली तालीम तुम्हाला आठवत असेल. ईट गावाच्या रस्त्यावरचं आपलं गाव, पत्र्याची शाळा, आणि तुम्ही वर्गाच्या दारात आतल्या बाजूला उभे. तुम्ही घरमालक, आम्ही पाहुणे. एकेकानं बाहेरून यायचं, तुमच्या डोळ्यांत बघून 'आय ॲम प्लीज्ड टु मीट यू, सर' म्हणायचं, आत दोन वाक्यं बोलायची, आणि जाताना वळून 'इट वॉज नाइस मीटिंग यू, सर' म्हणायचं. "उंबऱ्याच्या आत इज, उंबऱ्याच्या बाहेर वॉज," असा तुमचा मंत्र. भेट चालू आहे तोवर वर्तमान, भेट संपली की भूत. आम्ही ज्वारी खुरपणाऱ्यांची, भट्टीवर राबणाऱ्यांची पोरं. आम्हाला कोण इंग्रज भेटायला येणार होता देव जाणे, पण तुम्ही मात्र उद्याच लाटसाहेब एसटीतून उतरणार असल्यासारखी तयारी करून घेत होता. माझी पाळी आली आणि मी आत पाऊल टाकता टाकताच 'इट वॉज नाइस मीटिंग यू' म्हणून मोकळी झाले. वर्ग खदाखदा हसला. तुम्ही हसला नाहीत. "अजून आली नाहीस तवर निघालीस? कुणाला भिऊन निघालीस एवढ्या घाईनं?" असं म्हणालात, आणि मला सात वेळा बाहेर पाठवून सात वेळा आत घेतलंत. सातव्या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी होतं, पण वाक्य बरोबर आलं. तुम्ही फक्त 'करेक्ट' म्हणालात. तुमचं ते करेक्ट म्हणजे दुसऱ्या मास्तरांची पाठीवरची थाप.

मला काळाचा गोंधळ का व्हायचा ते नंतर माझं मलाच उमगलं. आमच्या घरी नमस्काराला काळच नव्हता. पाहुणा आला की जय भीम, निघाला की जय भीम. तुमच्याकडं आला तरी रामराम, गेला तरी रामराम. त्यात क्रियापदच नाही, तर इज आणि वॉज लावायचा कशाला? शिवाय आपल्याकडं निघणारा माणूस 'जातो' म्हणतच नाही, 'येतो' म्हणतो, आणि घरवालाही त्याला 'या' म्हणूनच वाटेला लावतो. अशा मुलखातल्या पोरीला तुम्ही सांगत होता की माणसाला तोंडावर म्हण, तुझी भेट झाली, संपली. मला ते उद्धटपणाचंच वाटायचं. त्याच आठवड्यात तुम्ही 'हाउ डू यू डू' शिकवलंत आणि म्हणालात, हा प्रश्न आहे पण याला उत्तर द्यायचं नसतं, हेच वाक्य परत म्हणायचं. मी हात वर करून विचारलं, "प्रश्नाला उत्तर न्हाई, असं कसं सर?" तुम्ही म्हणालात, "रामरामाला काय उत्तर देतो आपण? रामरामच. समोरच्यानं जे दिलं तेच माघारी द्यायचं. कमी नाही, जास्त नाही. तेवढी माणुसकी सगळ्या भाषांत एकच असते." सर, तुम्ही हे बोलून विसरला असाल. मी विसरले नाही, आणि माझं तुमच्याशी भांडण आहे ते याच वाक्यापासून सुरू होतं.

दहावीचा निकाल लागला तो दिवस. शाळेत इंग्रजीत मी पहिली. अण्णा तेव्हा खव्याच्या भट्टीवर कामाला होते. पहाटेपासून मोठ्या कढईपुढं उभं राहून दूध घोटायचं, हटायचं नाही, नाहीतर खाली लागतं. त्यांच्या अंगाला बारा महिने आटलेल्या दुधाचा वास यायचा. त्या दिवशी त्यांनी मालकाकडून सुट्टी मागून घेतली, धुतलेला सदरा घातला, पळसाच्या पानात अर्धा किलो ताजा खवा बांधून घेतला आणि मला घेऊन शाळेत आले. मी त्यांच्या मागं उभी आहे. ऑफिसच्या दारात चप्पल काढून अण्णा आत जातात आणि मोठ्यानं म्हणतात, "जय भीम, सर!" तुम्ही मान वर करता. एक क्षण काहीच होत नाही. मग तुम्ही खुर्चीतून उठता आणि म्हणता, "गुड मॉर्निंग, गुड मॉर्निंग! या, बसा." दुपारचा एक वाजला होता, सर. बाराच्या ठोक्यानंतर कुणी गुड मॉर्निंग म्हणालं तर त्याला बाकावर उभं करणारे तुम्ही! तुम्ही स्वतःच्या हातानं अण्णांसाठी खुर्ची ओढलीत. पान सोडून खव्याचा मोठा तुकडा तिथंच तोंडात टाकलात, "खरपूस झालाय," म्हणालात. माझ्या मार्कांबद्दल बोललात, पोरीला पुढं शिकवा म्हणालात. निघताना अण्णा पुन्हा जय भीम म्हणाले आणि तुम्ही 'थँक यू, थँक यू' म्हणालात. सगळं होतं त्यात. उठणं होतं, खुर्ची होती, खवा खाणं होतं. नेमके तेवढे दोन शब्द नव्हते.

घरी त्यावरून जे रामायण झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसणार. अण्णा तर हवेत होते. आईला म्हणाले, "उठून उभा ऱ्हायला माज्यासाठी. सायबाशी बोलावं तसं इंग्रजीतनं बोलला माज्यासंगं. भट्टीच्या मालकाला तरी बोलला असंल का कवा?" आई चुलीपुढं होती. तिनं मान वळवली नाही. "अन् जय भीम म्हनला का?" अण्णा सदऱ्याची बटणं काढायला लागले. "रामराम घालणाऱ्याला रामराम म्हनतोय न्हवं त्यो? मंग आपल्यालाच इंग्रजी का?" अण्णा चिडले. "शाळंत समदी इंग्रजीच बोलत्यात. तुला काय कळतंय?" आई म्हणाली, "मंग शिपायाला बी गुड मॉर्निंग म्हनत असंल." दोघांनी माझ्याकडं बघितलं. मला माहीत होतं, सर. सकाळी घंटा देणाऱ्या शिपाईमामांना तुम्ही रोज रामराम करायचात, आणि तोही ते म्हणायच्या आधी. मी म्हणाले, मला नाही माहीत. अण्णांचा आनंद जाऊ नये म्हणून म्हणाले, की तुमची बाजू राखायची होती म्हणून, तेही आता सांगता येणार नाही. पण पुढं वीस वर्षं अण्णा पाव्हण्यारावळ्यांना ती गोष्ट सांगत राहिले, 'मास्तर उठून उभा ऱ्हायला' इथपर्यंतच, आणि आई दर वेळी भांडं जरा जोरात आपटायची.

बरं, तुम्हाला सरळ दोषी धरावं तर तेही जमत नाही. दहावीच्या वर्षी रविवारी मी तुमच्या घरी व्याकरणाला यायचे. पहिल्याच दिवशी मी बाहेरच्या पायरीवर टेकले तर काकू आतून ओरडल्या, "ए पोरी, तिथं उन्हात कशाला बसलीस? आत ये की." आणि आत म्हणजे थेट स्वयंपाकघरात. चुलीच्या उजव्या अंगाला पोतं टाकून दिलं. मी वहीत वाक्यं लिहायचे, काकू भाकरी थापायच्या, आणि तव्यावरून काढलेली पहिली भाकरी, शेंगदाण्याची चटणी घालून, माझ्या पुढ्यात यायची. तुम्ही तिथंच पाटावर बसून माझ्या चुका काढायचात. माझ्या मैत्रिणींना ही गोष्ट सांगितली तर त्यांना खोटी वाटायची. आमच्या वस्तीतल्या बायांना त्या गल्लीतल्या किती घरांत चुलीपर्यंत जाता येत होतं, ते तुम्हालाही ठाऊक होतं. पण मग आठवतं, जेवण झालं की माझं ताट मी मोरीवर नेऊन धुवायचे. सगळेच आपापलं धूत होते का? तुमच्या मुलाचं ताट कोण धुवायचं? किती वेळा डोळे मिटून ते स्वयंपाकघर बघितलंय, पण मोरीपाशी मी एकटीच दिसते. ते खरंच तसं होतं, की माणसाला स्वतःचंच ताट आठवतं? एका बाजूला ती पहिली भाकरी आणि दुसऱ्या बाजूला ते ताट. मी कधी इकडं, कधी तिकडं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

मी डीएड होऊन नोकरीला लागले तेव्हा तुमचं पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती, 'आय ॲम ग्लॅड टु हॅव टॉट यू.' खाली सही. दुसऱ्या कुणी नुसतं अभिनंदन लिहिलं असतं. मी ते कार्ड शाळेत नेलं, तासाला फळ्यावर लिहिलं, पोरांना विचारलं, यात आनंद कधीचा आणि शिकवणं कधीचं? एक पोरगी म्हणाली, "शिकवून झालंय बाई, पर आनंद अजून हाय." तेव्हा वाटलं, झालं, आपलं भांडण मिटलं. पण असं मिटतं थोडंच? पुढं मीही दारातली तालीम सुरू केली. सकाळी वर्गात गुड मॉर्निंग. वस्तीतल्या कार्यक्रमात जय भीम. सरपंचांच्या घरी लग्नाला गेले तर नमस्कार, हात जोडून, जरा घाईनं. रस्त्यानं समोरून कोण येतंय ते बघून माझी जीभ आधीच ठरवते, मला विचारतसुद्धा नाही. इंग्रजी नमस्कार मला फार सोयीचा वाटायला लागला. त्यात कोण कुठल्या आळीचा ते कळत नाही, ना म्हणणाऱ्याचं, ना ऐकणाऱ्याचं. कधी वाटतं, तुम्ही आम्हा सगळ्यांकडून त्यासाठीच तो दारात घोटून घेतला असेल, की पत्र्याखाली तरी चाळीस पोरांचा नमस्कार एक असावा. आणि अण्णांनाही तुम्ही त्याच दारातून आत घेतलंत. कधी वाटतं, छे, एवढं काही नव्हतं. जीभ अडली आणि इंग्रजी मदतीला धावून आलं. दुपारी एक वाजता आलं म्हणूनच संशय येतो.

काल आईला सांगितलं, तुमच्या नावाच्या खोलीचा कार्यक्रम आहे म्हणून. ती आता माझ्याकडंच असते. अण्णा गेल्यापासून बोलणं कमी झालंय, पण धार तीच. मला वाटलं होतं ती नाक मुरडेल. ती म्हणाली, "जा की. चांगलं बोल. मानूस वाईट न्हवता." मी थक्क झाले. म्हणाले, "मग तेव्हा एवढा कसला राग होता तुला? वीस वर्षं भांडी आपटलीस." ती गहू निवडत होती. खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाली, "त्येचा न्हाय आला राग. तुझ्या बापाचा आला. एवढ्याशा गोष्टीनं कसा फुलला व्हता बघ. कुनी उठून उभं ऱ्हायलं, तर त्येला जलमभर पुरलं. असं एवढ्यावर भागवून घेतलेलं बघवत न्हाय." मग आणखी एक खडा काढून तीच म्हणाली, "पर म्हनाया पायजे व्हतं त्येनं. दोनच तर शबुद." म्हणजे राग तुमचाही होता. मी तिला काही विचारायला जावं आणि होता तेवढा उजेडही जावा, असं झालं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. तुम्हाला अर्धांगवायू झाल्याचं कळलं म्हणून मी बघायला आले होते. दुपारची वेळ. तुम्ही बाहेरच्या खोलीत कॉटवर, उशीला टेकून. काकू आत चहा ठेवत होत्या. तुमच्या पायथ्याशी दोन खुर्च्यांवर गावातली दोन वजनदार माणसं बसली होती. एक माजी सरपंच, दुसरे खताचे दुकानदार. दोघांची मुलं माझ्या शाळेत, आणि माझी बदली तेव्हा तालुक्यात अडकलेली, ती यांच्या शब्दावर सुटणार होती. मी दारात चप्पल काढतेय. तुम्ही मला बघता. तुमचा उजवा हात उचलत नाही, म्हणून तुम्ही डावा उचलता, कपाळापर्यंत नेता आणि जड जिभेनं, पण नीट ऐकू येईल असं, म्हणता, "जय भीम, बाई." मला बाई म्हणालात, सर. खुर्च्यांवरच्या दोघांनी आधी तुमच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि मी म्हणाले, "गुड आफ्टरनून, सर."

तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. मग तोंडाचा चालणारा कोपरा किंचित हलला आणि तुम्ही म्हणालात, "करेक्ट."

त्या करेक्टचा अर्थ मी तेरा वर्षं लावतेय. दुपार होती, आफ्टरनून म्हणाले, म्हणून करेक्ट? की तुला आता कळलं, असं व्हायला किती थोडं पुरतं, म्हणून करेक्ट? की आजारी माणसाला सवयीचा एक शब्द सापडला, एवढंच? चहा घेतला, काकूंशी बोलले. निघताना दारात वळले तर तुम्ही डोळ्यांनी वाट बघत होता. काय हवं होतं ते मला कळलं. पण अशा अवस्थेतल्या माणसाला 'इट वॉज नाइस' म्हणायची माझी छाती होईना. वॉज म्हटलं असतं तर मीच तुम्हाला उंबऱ्याबाहेर काढल्यासारखं झालं असतं. "येते, सर," म्हणाले आणि पायऱ्या उतरले. परत आले नाही. महिन्याभरात तुम्ही गेल्याचं कळलं. बदलीचं काम मात्र झालं.

मी तेव्हा घाबरले, सर, त्या दोन खुर्च्यांना. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. अण्णा गेले त्या ऑफिसात त्या दिवशी दुसऱ्या टेबलावर कोण बसलं होतं, तुमच्या कुठल्या अडलेल्या कामाचं कोण, ते मी तेव्हा बघितलं नाही. अण्णांच्या मागं उभी होते, त्यांच्या पाठीवरचा सदरा तेवढा दिसत होता. अण्णा हयात होते तोवर त्यांना विचारायचं सुचलं नाही, आणि आता विचारायला तिघांपैकी मीच उरलेय. तुम्हीही घाबरला होता असं म्हटलं तर मला बरं वाटतं, पण ते तुमच्यासाठी म्हणतेय की माझ्यासाठी, हे कळत नाही. हे पत्र कुठं टाकायचंही नाही. पोस्टकार्डाच्या जागी, कपाटातल्या खालच्या कप्प्यात ठेवीन.

आई आतून जेवायला हाका मारतेय. भाषणाचा कागद शेजारीच पडलाय. चार ओळींवर अडकलंय असं मी दुपारी मुख्याध्यापकांना फोनवर सांगितलं, पण तेही खरं नाही. शेवटची ओळ मी परवाच, सगळ्यात आधी, लिहून ठेवली आहे. 'शेवटच्या भेटीत सर मला जय भीम म्हणाले, आणि मीही त्यांना जय भीम म्हणाले.' ती अजून खोडलेली नाही.